फ्लोरेन्सला चला ना तुम्हीही

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, २८ जानेवारी २०२४

प्रिय शैलावहिनी,

नमस्कार. खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो' म्हणते, असा आपला एकवीस वर्षांचा रिवाज आहे. म्हणून हा ई-मेल. यात निदान माझं वाक्य पुरं होतं.

काल हळदीकुंकवानंतर तुम्ही जेवायला आलात, बरं वाटलं. मसालेभात सगळ्यांना आवडला. त्यानंतर जे झालं ते मी आज सकाळपासून शांतपणे आठवायचा प्रयत्न करते आहे. मी सगळ्यांना सांगितलं की एप्रिलमध्ये मी तीन दिवस फ्लोरेन्सला जाणार आहे, एकटी. त्यावर तुमचे दीर म्हणाले, "एकटी म्हणजे कोणाबरोबर?" सगळे हसले. तुम्ही मात्र गुळपोळीची बशी खाली ठेवून म्हणालात, "छान आहे गं." आणि त्यावर मी, निघालेल्या पाहुण्याला म्हणतात तसं, म्हणाले, "चला ना तुम्हीही!"

तुम्ही म्हणालात, "चालेल. कधी निघायचं?"

तेव्हा काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. फ्लोरेन्स हे असं शहर आहे जिथे माणसं मुख्यतः रांगेत उभी राहायला जातात. रस्ते दगडी. मोठ्या चर्चच्या घुमटाला चारशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. सहाशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांना तुमच्या गुडघ्यांची कल्पना नव्हती. चहा मागितला तर कपभर गरम पाणी येतं आणि बशीत एक पिशवी. शिवाय माझा प्लॅन असा काही नाहीच. एका मठात एक चित्र आहे, त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, मग बाहेर येऊन बाकावर बसायचं. तुम्हांला फार कंटाळा येईल.

काय ते सावकाश ठरवा. नाही म्हणालात तरी मी अजिबात वाईट वाटून घेणार नाही. अजिबात.

तुमची,
नीलांबरी

०

पिस्कॅटवे
मंगळवार, ३० जानेवारी

चि. नीलांबरी,

खूप आशीर्वाद. माझ्या गुडघ्यांची आठवण ठेवल्याबद्दल दोघेही आभारी आहेत. डावा दीड वर्षापूर्वीच बदललाय, तेव्हा तू फुलं पाठवली होतीस. सध्या माझ्या शरीरातला तोच सगळ्यात तरुण अवयव आहे आणि त्याला घुमट बघायचाय.

तिकीट काढलं. शशिकांतभावजींनी मला फ्लाइट नंबर आणि तुझी सीटही कळवली. नेवार्कहून रोम, तू चौदा ए, मी चौदा बी. मुद्दाम नॉन-रिफंडेबल घेतलं, म्हणजे माझा विचार बदलेल अशी तुला धास्ती नको.

काउंटी लायब्ररीत सतरा वर्षं मी पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवले, तेव्हा रांगेत शांत उभं राहणाऱ्या वस्तूंची मला सवय आहे. कालच जाऊन फ्लोरेन्सवरची चार पुस्तकं आणली. त्यांतल्या तिघांचं म्हणणं आहे की तीन दिवस पुरत नाहीत. चौथ्याचं म्हणणं आहे की बरोबर चांगली सोबत हवी. ते मी अधोरेखित केलं असतं, पण लायब्ररीचं पुस्तक आहे.

एक राहिलं. तुझं हळदीकुंकू पाचला होतं आणि मला तू सातला बोलावलंस. पाचला ड्राइव्हवेमध्ये जागा नसेल म्हणून असेल. सातला भरपूर होती. सवाष्णी वाण घेऊन निघून गेल्या होत्या.

तुझी,
शैलावहिनी

०

एडिसन
रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय शैलावहिनी,

सातची वेळ खरंच पार्किंगमुळेच दिली होती. (हे वाक्य मी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिलं. तिन्ही वेळा खोटंच वाटलं, म्हणून तसंच ठेवते.)

घरात आनंदीआनंद आहे. शशिकांत म्हणतो, "वहिनी आहेत ना बरोबर, मग मला काळजी नाही." त्याला आधी काय काळजी होती ते मी विचारलं. "तसं काही नाही, पण तू एकटी…" एवढंच म्हणून तो गॅरेजमध्ये गेला. रुही म्हणाली, "मॉम, यू आर टेकिंग अ बेबीसिटर टु इटली!" आणि तिने ते तिच्या सगळ्या मैत्रिणींना कळवलं. कॉलेजच्या फॉर्मवर निबंध लिहायला तिला दोन महिने सुचत नव्हतं, हे मात्र दोन मिनिटांत सुचलं.

तुमचा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी वेळापत्रक केलंय, सोबत जोडते आहे. ऑफिसात मी औषधांच्या बॅचेस तपासायचं वेळापत्रक करते, त्याच साच्यात बसवलं. पहाटे पावणेसहाला उठायचं. रोज सरासरी सतरा किलोमीटर चालणं येतं. बसायची सोय तिसऱ्या दिवशी दुपारी आहे. बघा, झेपेल का. नाही झेपलं तर मनमोकळेपणाने सांगा.

तुमची,
नीलांबरी

०

पिस्कॅटवे
बुधवार, १४ फेब्रुवारी

चि. नीलांबरी,

वेळापत्रक वाचलं. सवयीने दुरुस्त्या करत गेले, रागावू नकोस.

शुक्रवारी साडेअकरा ते बारा दहा या वेळात तू दोन संग्रहालयं, एक चर्च आणि जेवण ठेवलंयस. जेवण चर्चमध्ये आहे का? डेव्हिडचा पुतळा शुक्रवारीही आहे आणि शनिवारीही. शनिवारी तो कपडे घालून येणार असेल तर राहू दे. आपल्या निघण्याच्या दिवशी, म्हणजे सोमवारी, तू जी दोन ठिकाणं घातली आहेस ती सोमवारी बंद असतात. शेवटच्या रकान्यात 'मोकळा वेळ: शून्य मिनिटं' असं लिहिलंयस, ते मला फार आवडलं. मला सध्या मोकळा वेळ भरपूर आहे, तिथेही तोच न्यायची इच्छा नाही.

हे तू मला घाबरवायला केलंस हे कळलं. पावणेसहा मान्य. मी रोज साडेचारलाच जागी असते.

मी छोटा कुकर आणि मेतकूट घेते. तू तांदूळ घे. खोली एकच घेऊ, दोन कशाला? मी घोरते, पण लयीत. विक्रमला त्याशिवाय झोप येत नसे.

तुझी,
शैलावहिनी

०

एडिसन
शनिवार, ९ मार्च

शैलावहिनी,

हा मेल तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडून आहे. आज धीर करून पाठवते.

तुम्ही येऊ नका.

माझं "चला ना तुम्हीही" खरं नव्हतं. आपल्याकडे म्हणतात तसं ते म्हटलं होतं. तुम्ही त्यावर "नको गं" म्हणाल, मी पुन्हा म्हणेन, तुम्ही पुन्हा नको म्हणाल आणि मग आपण बडीशेप खाऊ, असं मी गृहीत धरलं होतं. यात तुमची काहीच चूक नाही. जे तोंडातून निघालं ते तुम्ही ऐकलंत.

कारण सांगते, म्हणजे निदान गैरसमज तरी नको. नागपूरला बी.ए.ला असताना कलेचा इतिहास शिकवायला एक बाई होत्या. त्या पडदे लावून स्लाइड दाखवायच्या. एका स्लाइडवर मठाच्या जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर काढलेलं चित्र होतं. देवदूत मेरीला सांगायला आलाय की तुला मूल होणार आहे. दोघं एकमेकांसमोर वाकलेली आहेत, आणि आजूबाजूला इतकी शांतता की वर्गातली मुलंही गप्प झाली. स्लाइडला बुरशी लागली होती. नेमकी पंखांवर. बाई म्हणाल्या, "पंखांचा रंग तुम्ही तिथे जाऊन बघा." वर्ग हसला. मला मात्र ते गृहपाठ दिल्यासारखं वाटलं.

मग लग्न, मग इथे येणं, मग नोकरी करायची परवानगी नसलेली सात वर्षं, मग रुही आणि कुश, मग नोकरी. ते चित्र आता फोनवर एका सेकंदात दिसतं. मी कधी बघितलेलं नाही. घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघून काहीतरी विचारत असतात, मोजे कुठे आहेत, पासवर्ड काय आहे. मला तीन दिवस अशा जागी जायचंय जिथे मला कोणी काही विचारणार नाही. तुम्ही बरोबर असलात की तुम्हांला चहा मिळाला का, तुमचा पाय दुखतो का, याच विचारात मी असेन. तुम्ही काही न मागताही. मी तशीच झाले आहे.

एवढंच. तिकिटाचं काय करायचं ते मी बघते. मला माफ करा असं लिहिणार होते, पण ते पुन्हा औपचारिक वाटेल.

नीलांबरी

०

पिस्कॅटवे
रविवार, २४ मार्च

नीलांबरी,

दोन आठवडे उत्तर दिलं नाही. राग होता, पण तो दोनच दिवस टिकला. माझ्या घरात राग फार टिकत नाही, ऐकायला कोणी नसतं. बाकीचे दिवस काय लिहावं ते ठरवण्यात गेले.

तुझं "चला ना" वरवरचं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. आपला नियम मला तुझ्या आधीपासून पाठ आहे. बोलावणाऱ्याने तीनदा म्हणायचं, समोरच्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा पर्स उचलायची. विक्रम होता तोवर हे सुरळीत चालायचं. मी नको म्हणायचे, लोक आग्रह करायचे, कारण त्यांना विक्रम हवा असायचा. त्याचे विनोद, त्याची गाणी, शिवाय परत जाताना दोघातिघांना सोडणारी त्याची गाडी. आता मी "नको" म्हणते आणि लोक म्हणतात, "बरं, तुम्हांला जमेल तसं." किती पटकन म्हणतात गं! पहिलं वर्षभर काय चुकतंय ते मला कळेना. मी आपली दुसऱ्या आग्रहाची वाट बघत दारात उभी, आणि दार लागलेलं.

मग या एक जानेवारीला ठरवलं, की यापुढे जो कोणी एकदा म्हणेल त्याला पहिल्याच खेपेला हो म्हणायचं. कोणी नुसतं "या कधीतरी चहाला" म्हणालं तरी लगेच चपला घालायच्या. सव्वीस दिवस कोणी काही म्हणालं नाही. सत्ताविसाव्या दिवशी तू म्हणालीस, आणि तेही थेट इटली. मी तयारी चहाची केली होती.

"तुम्ही येऊ नका" हे वाचून वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. एकवीस वर्षांत तू मला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. माझ्याकडूनही एक घे. मसालेभात खारट झाला होता.

तरी मी येणार. तिकीट परत होत नाही आणि मीही नाही. पण तुझ्याबरोबर येणार नाही. नदीच्या पलीकडे नन्सचं एक गेस्टहाउस आहे, तिथे मी स्वतःसाठी खोली घेतली. विमानात शेजारी बसू, पण मी डोळे मिटून राहीन. रोमहून फ्लोरेन्सच्या ट्रेनमध्ये डबे वेगळे. रस्त्यात समोर आलो तर ओळख दाखवायची नाही, अगदी मला ठेच लागली तरी. तू तीन दिवस कोणाची कोणी नसशील. मला ते कसं असतं ते चांगलं माहीत आहे, तेव्हा त्याबद्दल तुला एवढा उत्साह कसा, ते नंतर मला सांग.

अनीशला सिॲटलला कळवलं, की मी एकटी इटलीला जाते. तो म्हणाला, "आई, आर यू ओके?" काही झालं असेल तरच मी कुठे जाईन, असं त्याला वाटतं.

शैला

०

फ्लोरेन्स
शनिवार, २० एप्रिल, संध्याकाळ

प्रिय शैलावहिनी,

करार मोडते आहे. फक्त लिहून, तोंडाने नाही.

तुम्ही शब्द पाळलात. विमानात आठ तास डोळे मिटून होतात. त्यांतले किमान पाच तास तुम्ही जाग्या होतात, कारण घोरणं मुळीच लयीत नव्हतं. काल दुपारी जुन्या पुलावर तुम्ही समोरून आलात, हातात कागदी पिशवी, डोक्यावर ती भयंकर पिवळी टोपी. माझ्यापासून हातभर अंतरावरून, दुकानाच्या काचेकडे बघावं तसं माझ्याकडे बघून गेलात. मी अर्धा रस्ता तुमच्या मागे आले, टोपी दिसेनाशी होईपर्यंत. मला वाटलं होतं, तुम्ही एकदा तरी वळून बघाल.

सान मार्कोच्या मठात काल सकाळी गेले. जिना चढून वर बघितलं आणि चित्र समोर. मला वाटलं होतं रडू येईल. अकरा मिनिटं बघितलं आणि लक्षात आलं, की घरच्या ड्रायरची जाळी साफ करायला मी कोणालाच सांगून आले नाही. सव्वीस वर्षं वाट बघून माणसाने समुद्र ओलांडून यावं आणि देवदूतासमोर जाळीचा विचार करावा. आज पुन्हा गेले. आज डोक्यात कोणी नव्हतं. पंख पट्ट्यापट्ट्यांचे आहेत, गुलाबी, पिवळे, हिरवे. स्लाइडवर बुरशी होती तेच बरं, असं क्षणभर वाटलं, कारण इतकी वर्षं मी मनाशी ते निळे रंगवले होते. पण मग तसंच बघत उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. पहारेकरी बाईने एकदा खुर्ची पुढे केली. तेवढ्या वेळात तिच्याखेरीज मला कोणी काही विचारलं नाही. मला हवं होतं ते मिळालं, वहिनी. तेवढं तुम्हांला सांगायला हवं, कारण ते तुम्ही दिलंत.

आता दुसरी गोष्ट. काल रात्री जेवायला गेले. टेबल दोघांचं मांडलेलं होतं. वेटरने विचारलं, "एकच?" मी हो म्हटलं. त्याने समोरचा ग्लास उचलला, मग काटा, मग सुरी, मग घडी घातलेला रुमाल. फार सफाईने, जराही आवाज न करता. सवय असते त्यांना. मी पास्ता मागवला आणि समोरच्या रिकाम्या टेबलक्लॉथकडे बघत खाल्ला. मला ते एकच दिवस सहन करायचं होतं, आणि घासागणिक तुम्ही आठवत होतात. सातची वेळ पार्किंगमुळे नव्हती. हळदीकुंकवाची यादी करताना मालिनीकाकू म्हणाल्या होत्या, "उगाच कोणाला अवघडायला नको," आणि मी मान हलवली. अवघडणार होतं कोण, ते मी विचारलंच नाही.

उद्या आपली इथली शेवटची संध्याकाळ. माझ्या हॉटेलच्या गल्लीत एक लहानशी जागा आहे, घरगुती, आठच टेबलं. उद्या माझ्याबरोबर जेवायला या. हे वरवरचं नाही. हवं तर तीनदा म्हणते. या. या. या.

नीलांबरी

०

फ्लोरेन्स
रविवार, २१ एप्रिल, सकाळ

चि. नीलांबरी,

नाही, मला जमणार नाही.

थांब, रुसू नकोस, कारण ऐक. इथल्या नन्स फार वेगळ्या आहेत. पहिल्या सकाळी न्याहारीला एक सिस्टर कॉफीचा जग घेऊन आली, मी सवयीने "नो, नो" म्हटलं आणि ती जग घेऊन गेली. संपलं. दुसरा आग्रह नाही, तोंडावर सुटकाही नाही. तिच्या मते मला कॉफी नको होती, एवढाच त्याचा अर्थ. दिवसभर माझं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच कप पुढे केला. तिने तो काठोकाठ भरला.

काल परत आले तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात बसल्या होत्या, मधे मटारच्या शेंगांचा डोंगर. मला कोणी बोलावलं नाही. मी विचारलं, म्हणजे खुर्चीकडे बोट दाखवलं. त्या सरकल्या. दोन तास सोलत बसलो. त्यांना इंग्रजी येत नाही, मला इटालियन येत नाही. मी मराठीतच बोलले. विक्रमबद्दलही बोलले. थोरल्या सिस्टरने मधेच माझ्या हातातल्या टोपलीतून एक कच्चा दाणा उचलून मला भरवला. दोन वर्षांत माझ्या तोंडात दुसऱ्या कोणी काही घातलं नव्हतं गं.

आज रविवार, त्यांच्याकडे संध्याकाळी पन्नास माणसं जेवायला आहेत आणि मला पाचला स्वयंपाकघरात यायला सांगितलंय. घड्याळावर बोट ठेवून. मी हो म्हटलंय, पहिल्याच खेपेला. तिकडे शब्द मोडायचा नाही.

तुझा मेल मी चारदा वाचला. तीन "या" मोजले. मालिनीचं नाव घेतलंस, त्याहून तू मान हलवलीस असं लिहिलंस, ते जास्त धीराचं. मला राग नाही असं म्हणणार नाही, थोडा आहे. तो एडिसनला येऊन तुझ्या टेबलाशी बसून काढीन, पाच वाजता.

तू आज त्या जागी जा. वेटरने ग्लास उचलला तर उचलू दे. सावकाश जेव. आणि जेवून झालं की मला लिही, काय जेवलीस, भाजी कोणती होती, गोड काही घेतलंस का. मी दोन वर्षं एकटी जेवते आणि नंतर मला हे कोणी विचारत नाही. तुला मी विचारते आहे.

तुझी,
शैलावहिनी